पंचरंगी सामन्यांचा अस्त

ठाकूरद्वारच्या नाक्यावरून पश्चिमेकडे तोंड करून निघाले आणि आगगाडीचे रूळ ओलांडले, की समोर समुद्र लागतो व समुद्राच्या अलीकडे जिमखान्यांची मैदाने लागतात. पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना, कॅथॉलिक जिमखाना. पाट्या वाचीत जाणाऱ्या परक्या माणसाला असा प्रश्न पडावा की, या शहरात क्रिकेट खेळावयाचे तर आधी आपला धर्म सांगावा लागत होता की काय? प्रश्न भाबडा आहे. पण त्याचे उत्तर होकारार्थी द्यावे लागते. १९०७ पासून १९४६ च्या आरंभापर्यंत या देशातील सर्वांत गाजलेली क्रिकेटची स्पर्धा याच पाट्यांच्या हिशेबाने खेळली गेली. तिला आरंभी तिरंगी, मग चौरंगी व अखेर पंचरंगी सामने असे नाव पडले. पुढे एका हंगामात ती खेळाच्या कार्यक्रमपत्रिकेवरून उतरली ती कायमची.

अखेरच्या दशकात हे सामने हिवाळ्यात होत. त्या दिवसांत गिरगावातल्या चाळींचा नूर पालटून जाई. ज्याला तिकीट मिळाले तो सकाळीच डबा घेऊन निघे. ज्याला मिळाले नाही तो ज्या दुकानात रेडिओ असेल त्या दुकानापुढे उभा राही. फोर्टातल्या कचेऱ्यांत त्या आठवड्यात किती कारकुनांच्या आज्या दरसाल नव्याने वारत असत, याची गणती कोणी ठेवलेली नाही. मुंबईचे नभोवाणी केंद्र १९२७ साली सुरू झाले; १९३४ च्या चौरंगी सामन्यांपासून ए. एफ. एस. तल्यारखान यांचे धावते समालोचन लोकांच्या कानी पडू लागले. एकच माणूस दिवसभर बोलत राही आणि पाण्याचा घोट घेण्यापुरता थांबे. मैदान न पाहिलेल्या माणसालाही मैदान दिसू लागले ते तेव्हापासून.

ही स्पर्धा कोणी एका बैठकीत आखलेली नव्हती. ती वाढत गेली, आणि तिच्या वाढीत मुंबईचा इतिहास पेरांपेरांनी दिसतो. येथे क्रिकेट प्रथम उचलले ते पारशांनी. त्यांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब १८४८ सालचा. खेळावयाचे ते किल्ल्याबाहेरच्या मोकळ्या मैदानावर. त्याच मैदानावर गोरे लोक पोलो खेळत. घोड्यांच्या टापांनी उकरलेल्या जमिनीवर चेंडू सरळ उसळावा कसा? पारशी व हिंदू पोरांनी सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले. एकदा दाद लागे, लगेच ती फिरविली जाई. या झगड्याची हकीकत शापुरजी सोराबजी यांनी १८९७ साली पुस्तकरूपाने छापली. खेळाच्या मैदानासाठी देशी माणसाने सरकारशी केलेल्या भांडणाचा तो आपल्याकडचा पहिला ग्रंथ म्हणावयास हरकत नाही. अखेर तोड निघाली ती समुद्रकाठच्या जागेची. बॉम्बे जिमखाना १८७५ सालीच निघाला होता आणि त्याच्या दाराशी देशी सभासदाला प्रवेश नव्हता. पारशी जिमखाना १८८५ साली स्थापन झाला; पुढे लॉर्ड हॅरिस यांच्या कारकीर्दीत मुसलमानांना व हिंदूंना समुद्रकाठीच जागा मिळाल्या. हिंदू जिमखाना १८९४ चा. सरकारला जागा द्यावयाची होती ती जमातीजमातीला. एकत्र अर्ज करावा असे अर्जदारांनाही सुचले नाही. पुढच्या साऱ्या प्रकरणाचे बीज त्या जमीनवाटपात आहे.

पारशी व युरोपिअन यांचे प्रेसिडेन्सी सामने १८९२ पासून नियमाने होऊ लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंच्या संघाने युरोपिअन संघाला १०९ धावांनी हरविले. जपानने समुद्रावर रशियाचे आरमार बुडविल्याला तेव्हा वर्षही उलटले नव्हते आणि वंगभंगाची चळवळ ऐन भरात होती. तेव्हा त्या १०९ धावांचा अर्थ लोकांनी केवळ खेळापुरता घेतला नाही, यात नवल नाही. दुसऱ्याच वर्षी तिरंगी सामने सुरू झाले. १९१२ साली मुसलमानांचा संघ आला व सामने चौरंगी झाले. मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुसलमानांना वेगळे मतदारसंघ दिले ते १९०९ साली. या दोन गोष्टींचा परस्परांशी कार्यकारणसंबंध जोडणे चुकीचे होईल. परंतु दोन्हींकडे माणसे मोजण्याचे माप एकच होते, एवढे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

या सामन्यांना सरसकट दूषण देणाऱ्याने एका घराण्याची हकीकत अवश्य ध्यानात घ्यावी. ते घराणे म्हणजे पालवणकर बंधूंचे. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे चौघे भाऊ, जातीने चांभार. थोरला बाळू पुण्याच्या युरोपिअन जिमखान्यावर मैदानाची निगा राखण्याच्या नोकरीस होता. तेथे जाळ्यात साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्याचा डावा हात असा तयार झाला की, पुण्याच्या हिंदू मंडळींना त्याच्यावाचून सामना जिंकता येईना. त्यांनी त्याला घेतले. मैदानावर त्याने टाकलेला चेंडू सर्वांनी हातात धरावयाचा. चहाच्या वेळी मात्र त्याला चहा मातीच्या परळातून, बाहेर. पुढे बाळू मुंबईस आला आणि हिंदूंचा प्रमुख गोलंदाज झाला. १९०६ च्या त्या विजयात त्याचे आठ बळी होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ विलायतेस गेला. त्या दौऱ्यात संघाची एकंदर कामगिरी बेताचीच झाली, पण एकट्या बाळूने ११४ गडी बाद केले.

इतके करूनही हिंदू संघाचे नायकत्व त्याला मिळाले नाही. वर्षामागून वर्षे उच्चवर्णीय खेळाडूंकडे ते जात राहिले. १९२० साली शिवराम व विठ्ठल या दोघा धाकट्यांनी जाहीररीत्या निषेध करून संघातून अंग काढून घेतले. वर्तमानपत्रांतून पत्रांचा पाऊस पडला, आणि त्यांतली पुष्कळशी पत्रे पालवणकरांच्या बाजूची होती, ही गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. निवड-मंडळाला नमावे लागले. दोघे भाऊ परतले आणि बाळूला उपनायक नेमण्यात आले. पुढे १९२३ साली विठ्ठल हिंदूंचा नायक झाला व त्याच्या हाताखाली संघाने चौरंगी चषक जिंकला. चांभाराचा मुलगा नायक, आणि ब्राह्मण, प्रभू, भाटिये त्याच्या हुकुमाने सीमारेषेवर धावताहेत, हे दृश्य हजारो लोकांनी उघड्या मैदानावर पाहिले. विठ्ठलाने १९४८ साली ‘माझे क्रीडा-जीवन’ या नावाने आत्मचरित्र लिहिले. बाळूने १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहून पराभव पत्करला, हा त्याच्या चरित्रातला शेवटचा मोठा प्रसंग.

तेव्हा ज्या स्पर्धेने हिंदू, मुसलमान, पारशी असे कप्पे पाडले, त्याच स्पर्धेने एका कप्प्याच्या आतल्या भिंती काही अंशी पाडल्या. अर्थात हेही मान्य करावयास हवे की, त्या पडल्या त्या मुख्यतः जिंकण्याच्या गरजेने. हरावयाचे नसेल तर बाळू हवा; न्यायबुद्धीने जे एरवी झाले नसते, ते धावफलकाने करवून घेतले.

१९३० ते १९३३ ही चार वर्षे कायदेभंगाच्या चळवळीमुळे सामने झाले नाहीत. ते पुन्हा सुरू झाले तेव्हा काळ पालटला होता. १९३४-३५ पासून प्रांताप्रांतांमधील रणजी करंडकाचे सामने सुरू झाले होते, आणि संघ धर्मावर न उभारता प्रदेशावर उभारता येतो हे डोळ्यांसमोर दिसत होते. मात्र रणजी सामन्यांना प्रेक्षक जमत नसत आणि चौरंगीला जागा पुरत नसे. ७ डिसेंबर १९३७ रोजी ब्रेबॉर्न स्टेडियमचे उद्घाटन झाले. त्याच हंगामात ‘रेस्ट’ म्हणजे शेष लोकांचा पाचवा संघ आला. ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू अशा, चार कप्प्यांत न मावणाऱ्या मंडळींचा तो संघ होय. सामने पंचरंगी झाले खरे. पण पहिल्याच पंचरंगीत हिंदू उतरले नाहीत. कारण काय, तर नव्या स्टेडियममध्ये हिंदू जिमखान्याच्या वाट्याला आलेल्या जागा थोड्या पडल्या! धर्माच्या नावाने सुरू झालेले भांडण खुर्च्यांच्या गणतीवर येऊन ठेपावे, यात इतिहासाने थोडा विनोद केला आहे.

सामने बंद करावेत अशी मागणी तोपर्यंत उघडपणे होऊ लागली होती. ‘बॉम्बे क्रॉनिकल’ पत्राने, विशेषतः त्याचे क्रीडालेखक जे. सी. मैत्र यांनी, ती सतत लावून धरली. दुसऱ्या बाजूचे म्हणणेही टाकाऊ नव्हते. ते म्हणत: हे सामने पाहावयास सर्व धर्मांचे लोक शेजारी बसतात, चांगल्या फटक्याला सारेच टाळी देतात, आणि जिमखान्यांचा वर्षाचा खर्च याच आठवड्याच्या उत्पन्नावर चालतो. यांतली अखेरची गोष्ट सर्वांत खरी होती आणि ती सर्वांत हळू आवाजात सांगितली जाई.

डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी वर्ध्यास जाऊन महात्माजींना भेटले. वैयक्तिक सत्याग्रह चालू होता, पुढारी तुरुंगात जात होते, युरोपात युद्ध पेटले होते. अशा वेळी सामने खेळावेत काय, असा त्यांचा प्रश्न. महात्माजींनी प्रश्नाच्या पलीकडचे उत्तर दिले. अशा शोकाच्या काळात करमणूक नको, हे तर त्यांनी सांगितलेच. परंतु कॉलेजांचे व संस्थांचे सामने आपण समजू शकतो, हिंदू, पारशी, मुसलमान असे संघ कशासाठी हे आपल्याला कधीच उमगले नाही, आणि मुंबईकरांनी आपल्या खेळाच्या व्यवहारातून असे सामने वगळावेत, असेही त्यांनी स्पष्ट कळविले. हिंदू जिमखान्याने त्या वर्षी संघ धाडला नाही. स्पर्धा मात्र झाली व मुसलमानांनी ती जिंकली. पुढच्याच वर्षी हिंदू परत आले आणि जिंकले. १९४२ साली ‘चले जाव’च्या धामधुमीत खंड पडला, १९४३ साली पुन्हा स्टेडियम भरले.

ज्या शहराने १९३० साली या महात्म्याच्या शब्दावर मिठाचा कायदा मोडला, ज्या गिरगावात त्यांच्या नावाने प्रभातफेऱ्या निघाल्या, त्या शहराने क्रिकेटच्या बाबतीत त्यांचे म्हणणे एक हंगाम पाळले आणि सोडून दिले. याला ढोंग म्हणणे सोपे आहे. ते ढोंग नव्हते. आपला हा उत्सव आणि देशातला तो तंटा यांचा काही संबंध आहे, हे लोकांना मनापासून पटलेले नव्हते.

तो का पटत नव्हता याचे उत्तर डिसेंबर १९४३ च्या अंतिम सामन्यात सापडते. हिंदू विरुद्ध रेस्ट. हिंदूंनी ५ गडी बाद ५८१ धावांवर डाव सोडला. त्यांत विजय मर्चंट नाबाद २५०. रेस्टचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. दुसऱ्या डावात विजय हजारे उभे राहिले. हजारे सांगलीचे, मराठी बोलणारे, धर्माने ख्रिस्ती. म्हणून ते रेस्टकडून खेळत. एका बाजूने गडी येत आणि जात; दुसऱ्या बाजूने हजारे हूं की चूं न करता धावा जमवीत राहिले. धाकटा भाऊ विवेक त्यांच्याबरोबर उभा राहिला. दोघांनी मिळून ३०० धावा जोडल्या, त्यांत विवेकच्या अवघ्या २१. रेस्टच्या एकंदर ३८७ धावा झाल्या, त्यांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. हिंदू एक डाव व ६१ धावांनी जिंकले आणि सामना लक्षात राहिला तो हरलेल्या पक्षाच्या फलंदाजामुळे.

आता ठाकूरद्वारच्या चाळीतल्या एखाद्या गृहस्थाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. रेडिओपुढे बसून त्याने कोणासाठी उमेद धरावी? मर्चंट गुजराती, पण त्याच्या ‘संघाचा’. हजारे त्याच्या भाषेचा, त्याच्या देशावरचा, बोलण्याचालण्यात त्याच्याच घरातला. पण ‘शेष’ लोकांत मोडलेला. पंचरंगीची मांडणी येथे उघडी पडते. ज्या माणसाला स्वतःच्या मुलुखात परका म्हणून मोजावे लागते, ती मोजणीच चुकलेली असली पाहिजे. आणि तरीही त्या दिवशी टाळी वाजली ती हजाऱ्यांसाठी. म्हणजे प्रेक्षक त्या मांडणीपेक्षा शहाणा होता. पंचरंगीच्या समर्थकांना याहून चांगला पुरावा मिळाला नसता आणि तिच्या विरोधकांनाही याहून चांगला मिळाला नसता.

१९४४-४५ च्या अंतिम सामन्यात मुसलमानांनी हिंदूंना अवघा एक गडी राखून हरविले. के. सी. इब्राहिम अखेरपर्यंत नाबाद राहिले. १९४५-४६ चा चषक हिंदूंनी पारशांकडून जिंकला. हा शेवटचा चषक, याची तेव्हा कोणाला कल्पना नव्हती. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या गोदीत खलाशांचे बंड झाले. ऑगस्टात कलकत्त्यास कत्तली झाल्या आणि सप्टेंबरात मुंबईतही सुरे निघाले. पुढचा हंगाम आला तेव्हा हिंदू व मुसलमान असे दोन संघ मैदानावर समोरासमोर उभे करणे शक्यच राहिले नव्हते. क्रिकेट नियामक मंडळाने धार्मिक सामने सोडून देऊन त्यांच्या जागी उत्तर, दक्षिण, पूर्व व पश्चिम अशा विभागांचे चौरंगी सामने घेतले. महात्माजींचा शब्द जे सहा वर्षांत करू शकला नाही, ते रस्त्यावरच्या रक्ताने एका पावसाळ्यात केले.

नव्या सामन्यांना मुंबईचे वेड काही लागले नाही. पश्चिम विभाग म्हणजे कोण, हे चाळीतल्या पोराला सांगता येईना. जुनी स्पर्धा वगळणे एका ठरावाचे काम असते, पण तिची गर्दी नव्या स्पर्धेच्या नावाने वर्ग करता येत नाही. याच्या उलट प्रकार विलायतेजवळच्या मॅन बेटावर घडला. तेथे १९०७ पासून मोटारसायकलींची टुरिस्ट ट्रॉफी शर्यत गावच्या रहदारीच्या रस्त्यांवर होते. इंग्लंडात रस्ते बंद करून शर्यत घेण्यास कायद्याची मनाई, बेटाचे कायदेमंडळ मात्र स्वतंत्र, म्हणून ती तेथे गेली. तिची डोंगरी वाट पावणेअडतीस मैलांची आहे. म्हणजे बोरीबंदराहून निघून कल्याण मागे टाकावे एवढी. दुतर्फा घरे, दगडी कुंपणे, तारांचे खांब. त्या वाटेवर आजवर दोनशेहून अधिक स्वार प्राणांस मुकले आहेत. जागतिक अजिंक्यपदाचे सामने १९४९ साली सुरू झाले ते याच शर्यतीने. १९७२ साली पावसात जिल्बेर्तो पार्लोत्ती हा इटालियन स्वार मरण पावला, तेव्हा त्याचा स्नेही व त्या काळचा अजिंक्य स्वार जाकोमो अगोस्तिनी याने पुन्हा तेथे न येण्याचे ठरविले. इतरांनीही पाठ फिरविली. १९७६ नंतर अजिंक्यपदाच्या पत्रिकेतून ती शर्यत वगळण्यात आली व इंग्लंडची फेरी सिल्व्हरस्टोनच्या बंदिस्त वाटेवर गेली.

शर्यत मात्र मेली नाही. बेटाने ती आपल्या हिमतीवर चालू ठेवली. १९७८ साली माइक हेलवूड हा जुना स्वार अकरा वर्षांनी परत येऊन तेथे जिंकला, आणि ती शर्यत अजून होते. अजिंक्यपदाचे मानांकन गेले तरी बेटाचे रस्ते जागेवर होते आणि तिचे लोक एक होते. पंचरंगीच्या नशिबी ते नव्हते. तिची वाट माणसांमधून जात होती. ती माणसेच १९४७ च्या ऑगस्टात दोन देशांत वाटली गेली.

त्याआधी पाच महिने, मार्च १९४७ मध्ये, बडोद्यास रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. बडोदे विरुद्ध होळकर. बडोद्याकडून चौथ्या गड्यासाठी दोघे उभे राहिले. एक विजय हजारे, काल-परवापर्यंत रेस्टचे. दुसरा लाहोरचा गुल महंमद, काल-परवापर्यंत मुसलमानांच्या संघातला. देशात त्या दिवसांत काय चालले होते ते सर्वांना ठाऊक आहे. पंजाब तर पेटलाच होता. त्या दोघांनी मिळून ५७७ धावा जोडल्या. हजारे २८८, गुल महंमद ३१९. कोणत्याही गड्यासाठी एवढी भागी जगात त्यापूर्वी झाली नव्हती, आणि पुढे २००६ सालापर्यंत, एकोणसाठ वर्षे, ती कोणाला ओलांडता आली नाही. गुल महंमद पुढे पाकिस्तानचा नागरिक झाला व १९५६ साली एक कसोटी सामना त्या देशाकडून खेळला. हजारे भारताचे नायक झाले.